सुरू सोडा, मोरपंखी पाहा

शिरढोण हे पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना लागणारं गाव. या भागात कुणालाही शंकू धरणारं झाड विचारा, उत्तर बहुधा अलिबागच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं हेच येईल. सुयांसारखी पानं, खाली खरखरीत बोंडांचा सडा. फसायला पुरेसं आहे. पण सुरूची ‘सुई’ दोन्ही टोकांना धरून ओढा, ती सांध्यापाशी सुटते. ते पान नव्हेच, हिरवी डहाळी आहे. खरी पानं सांध्याभोवती बारीक दात्यांसारखी चिकटलेली असतात. सुरूला फुलं येतात, त्यामुळे तो आंब्या-फणसाच्याच गोतातला.

खरी शंकुधारी आहे ती मोरपंखी, जिचं पान ‘विद्या’ म्हणून मुलं वहीत जपतात. तिचे कोवळे शंकू निळसर हिरवे, प्रत्येक खवल्याच्या टोकाला आकडा. बीजांड अंडाशयात बंद नसतं, खवल्यावर उघडं असतं. म्हणून हा गट अनावृतबीजी. परागणाच्या वेळी बीजांडाच्या तोंडाशी द्रवाचा थेंब येतो. वाऱ्यानं आलेले परागकण त्यात अडकतात आणि थेंब आटताना आत ओढले जातात. ना फूल, ना मध, ना मधमाशी! पाइनमध्ये तर परागणानंतर फलन व्हायला वर्षभर लागतं.

फुलझाडांच्या सुमारे तीन लाख जाती, तर अनावृतबीजींच्या हजाराच्या आसपास. तरी त्यांचा पसारा मोठा आहे. चिलगोजा पाइनचं बी, टर्पेंटाइन पाइनच्या चिकापासून, कर्करोगावरचं टॅक्सॉल मूळचं अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतलं. कोकणातल्या जंगलांतही या गटाची उंबळी आहे: रुंद पानांची वेल, पिकल्यावर लालसर होणाऱ्या बिया. दिसायला चारचौघींसारखीच, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

फार्महाउसच्या दारातला सायकसही यांच्यातलाच. त्याची नर-मादी झाडं वेगळी. नराच्या मधोमध मोठा शंकू उभा राहतो, मादीला लवदार पानांचा झुबका येतो. त्याची शुक्रपेशी बीजांडाच्या आत चक्क पोहत अंडपेशीपर्यंत जाते; 1896 मध्ये जपानच्या इकेनो यांनी हे दाखवलं. मादी झाडाच्या नारिंगी बिया मात्र विषारी असतात. दारात सायकस असेल, तर पडलेल्या बिया वेळीच उचला. लहान मुलं आणि कुत्री त्या तोंडात घालतात.