मागें उरणारे क्षार
(एकलहऱ्याच्या वीजगृहांतील पाण्याची निगा)

शुद्ध आणि अशुद्ध अशा पाण्याच्या दोनच जाती आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जें पितां येतें तें शुद्ध, जें पितां येत नाहीं तें अशुद्ध. परंतु वीजगृहांतील बॉयलर सांभाळणाऱ्या रसायनज्ञास विचारल्यास तो सांगेल कीं, आपण घरीं समाधानानें पितों तें नळाचें पाणी त्याच्या बॉयलरला केवळ विषासमान आहे. हें म्हणणें विचित्र वाटतें. पण त्यांतील मर्म आपल्या न्हाणीघरांत व स्वयंपाकघरांत प्रत्यक्ष दिसतें.

नाशिकरोडजवळ एकलहऱ्यास गोदावरीच्या कांठीं कोळशावर चालणारें मोठें वीजगृह आहे. तेथील पहिले दोन संच १९७०-७१ सालीं सुरू झाले व पुढें जुने झाल्यानें मोडींत निघाले. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळांत उभे राहिले. वीजगृहाच्या धुराड्यांतून निघतो तो धूर. परंतु शेजारच्या प्रचंड मनोऱ्यांतून बाहेर पडतें तें गोदावरीचें पाणीच होय, वाफेच्या रूपानें. थंड हवेच्या देशांत कित्येक विद्यापीठें एका मध्यवर्ती यंत्रगृहांतून आपल्या सर्व इमारतींना वाफ व गार पाणी नळांनीं पुरवितात. आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांतही पाणी तापविण्याचीं व हवा गार करण्याचीं यंत्रें असतात. या सर्वांची चिंता एकच: पाणी उडून जातें, त्यांतील क्षार मागें राहतात. त्या क्षारांचा जमाखर्च ठेवणें म्हणजेच पाण्याची निगा.

आपला जुना तांब्याचा बंब पाहा. कांहीं वर्षांनीं त्याच्या आंतल्या अंगास पांढरट, दगडासारखें कठीण पूट बसतें. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन वायु शोषून घेतें आणि सह्याद्रीच्या काळ्या खडकांतून झिरपतांना त्यांतील चुना व मॅग्नेशियम विरघळवितें. पाणी तापलें कीं तो वायु निघून जातो व चुना बाहेर पडून भांड्यास चिकटतो. बंबांत याचा परिणाम एवढाच कीं, लांकडें थोडीं अधिक जळतात. बॉयलरच्या नळ्यांत मात्र अनर्थ ओढवतो. तेथें नळीच्या एका बाजूस भट्टीची प्रखर आंच आणि दुसऱ्या बाजूस पाणी. पाणी उष्णता वाहून नेतें म्हणूनच लोखंड तग धरतें. मध्यें चुन्याचा पातळसा थर आला तरी उष्णता अडते, लोखंड मऊ पडतें, नळी फुगते आणि शेवटीं फुटते. वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सव्वाशेंपटीहून अधिक व उष्णता सुमारें ५३५ अंश सेंटिग्रेड, हें लक्षांत घेतलें म्हणजे या पातळ थराचें भय कळेल.

म्हणून नदीचें पाणी आधीं तुरटीनें निवळून वाळूंतून गाळतात. हा विधि आपणांस परका नाहीं. सुश्रुतसंहितेंत पाणी निवळण्याच्या साधनांत कतकाचा, म्हणजे निवळीच्या बियांचा, उल्लेख आहे. परंतु निवळी काय किंवा तुरटी काय, तरंगणारा गाळ खालीं बसवील; विरघळलेला चुना तिच्या हातीं लागत नाहीं. त्यासाठीं निराळी युक्ति लागते.

त्या युक्तीचें मूळ शेतांत आहे. १८५० च्या सुमारास इंग्लंडांत टॉम्प्सन व वे या दोघां संशोधकांस असें आढळलें कीं, अमोनियाचें खत घातलेलें पाणी मातींतून गेलें म्हणजे माती अमोनिया ठेवून घेते व त्याच्या बदल्यांत चुना देते. हीच अदलाबदल करणारी कृत्रिम राळ १९३५ सालीं ॲडम्स व होम्स या इंग्रज रसायनज्ञांनीं तयार केली. तिच्या बारीक मण्यांच्या एका टाकींतून पाणी गेलें कीं, मणी चुना व मॅग्नेशियम घेऊन हायड्रोजन देतात. दुसऱ्या टाकींतील मणी क्लोराइड, सल्फेट इत्यादि घेऊन हायड्रॉक्सिल देतात. आणि हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मिळून पाणीच होतें! मणी भरले म्हणजे एकास आम्लानें व दुसऱ्यास कॉस्टिक सोड्यानें धुऊन पुन्हा कामास लावतात. वाळूंतील सिलिका हा पदार्थही याच वाटेनें काढावा लागतो. कारण मोठ्या दाबाखालीं तो वाफेबरोबर उडून चक्राच्या पात्यांवर जाऊन बसतो.

तरीही काम संपत नाहीं. पातेल्यांतील पाणी उकळण्यापूर्वीं त्यांतून बारीक बुडबुडे निघतात. ती विरघळलेली हवा होय. तिच्यांतील प्राणवायु तप्त लोखंडास खड्डे पाडतो, म्हणून वाफेनें तापवून तो आधींच हांकलून देतात. शेवटीं पाण्यांत किंचित् अमोनिया घालून तें जरासें अल्कधर्मी करतात. त्यायोगें नळीच्या आंत काळ्या लोहभस्माचा एक सूक्ष्म, घट्ट पापुद्रा टिकून राहतो व तोच लोखंडाचें रक्षण करितो. एक गंज मारक आणि एक गंज तारक, असा हा चमत्कार आहे.

आतां मनोऱ्याकडे वळूं. चक्र फिरवून दमलेल्या वाफेचें पुन्हा पाणी करण्यास गार पाणी लागतें; तें स्वतः तापतें आणि मनोऱ्यांत वरून धारांनीं पडतांना, खालून येणाऱ्या हवेनें गार होतें. माठाचें शास्त्र तेंच हें. शंभर लिटरांपैकीं एक लिटर उडाला तर बाकीचें पाणी सुमारें पावणेसहा अंशांनीं निवतें. पण जुन्या माठाच्या बाहेरून पांढरा लोणा चढतो, छिद्रें बुजतात व माठ पाणी गार करीनासा होतो. मनोऱ्याच्या पाण्यांतही क्षार असेच दाट होत जातात. म्हणून कांहीं पाणी मुद्दाम सोडून देऊन नवें घ्यावें लागतें.

किती सोडावें, हें साधें अंकगणित आहे. १०० लिटर पाणी उडून जात असतां क्षार दुप्पट होईपर्यंतच थांबलों तर १०० लिटर सोडावें लागतें; म्हणजे नदींतून २०० लिटर घ्यावें लागतें. पांचपट होऊं दिले तर सोडणें २५ लिटर, घेणें १२५. दहापट होऊं दिले तर घेणें सुमारें १११. पहिली बचत ७५ लिटरांची, पुढची अवघी १४ लिटरांची. आणि क्षार दाट होतील तसतसें नळ्यांत पूट बसण्याचें भय मात्र वाढत जातें. मध्यम मार्ग कोठें, हें रोज पाणी तपासूनच ठरवावें लागतें.

हा हिशेब कागदावरचा नाहीं. गोदावरीच्या पाण्याकडे खालीं मराठवाडा डोळे लावून बसलेला असतो. २०१३ च्या दुष्काळांत पाण्याअभावीं परळीचें वीजगृह पूर्णपणें बंद ठेवावें लागलें होतें. नागपूरजवळ कोराडीच्या वीजगृहास शहराचें सांडपाणी शुद्ध करून पुरविण्याची व्यवस्था झाली, ती याच विचारानें. सांडपाण्यांत क्षार व सेंद्रिय मळ अधिक. म्हणून तेथें निगाही अधिक लागते. पण माणसाच्या तोंडचें पाणी त्यामुळें वांचतें.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत गंभीर आहे. कोमट पाणी, ऊन व धूळ एकत्र आलीं कीं शेवाळ व जंतु वाढतात. त्यांस क्लोरीनसारख्या औषधांनीं आवर घालावा लागतो. १९७६ च्या जुलैंत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका हॉटेलांत माजी सैनिकांचें अधिवेशन भरलें असतां न्यूमोनियाची साथ उद्भवली व ३४ लोक मृत्यु पावले. कारण कित्येक महिने कळेना. १९७७ च्या जानेवारींत तो जंतु सांपडला. त्यास लिजिओनेला असें नांव पडलें. पुढें झालेल्या अनेक सांथींचें मूळ इमारतींवरील शीतमनोऱ्यांतून उडणाऱ्या तुषारांत आढळलें. हा रोग सहसा एकापासून दुसऱ्यास होत नाहीं. दूषित तुषार श्वासाबरोबर आंत गेल्यानें होतो. छपरावरच्या टांकीची निगा चुकली, तर रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी मनुष्यास तिचें प्रायश्चित्त भोगावें लागतें.

आपल्या घरापुरता यांतून घेण्याजोगा बोध थोडक्यांत असा: गिझरमधील पाणी नुसतें कोमट करून साठवूं नये, साठ अंशांपर्यंत तापूं द्यावें व न्हातांना त्यांत गार मिसळावें, विशेषतः वृद्ध व मुलें यांच्यासाठीं. बरेच दिवस बंद असलेला फवारा प्रथम कांहीं वेळ वाहूं द्यावा व आपण दूर उभें राहावें. वाळ्याच्या कूलरमधील पाणी रोज वाढवीत न बसतां वरचेवर पूर्ण काढून टांकी घांसावी. माठ बाहेरून काथ्यानें घांसावा. बंबांतील पूट लिंबाच्या रसानें किंवा चिंचेच्या कोळानें सुटतें. कारखान्यांतही तें आम्लानेंच काढतात. घरांतील वडील बायका हें करीत आल्या आहेतच. त्यामागील कारण मुलांस समजावून सांगितलें, तर त्यांचें रसायनशास्त्राचें पुस्तक अर्धें सोपें होईल.