विंडोज सोडताना कोणतं लिनक्स घ्यावं?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबवले. वसुबारस तेव्हा तीन दिवसांवर आली होती. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे. विंडोज ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ही पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधी घेतलेले किती तरी लॅपटॉप धडधाकट असूनही त्या एका तारखेने म्हातारे ठरले.

साताऱ्याच्या माझ्या आत्याचा लॅपटॉप त्यातलाच. २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. आत्या मराठीची निवृत्त शिक्षिका. बचत गटाचे हिशेब, भजनी मंडळाच्या पदांची टाइप केलेली वही आणि नागपूरच्या लेकीशी व्हिडिओ कॉल, एवढा तिचा कारभार. दुकानदाराने तिला सांगितलं, हा भंगारात काढा आणि नवा घ्या. बाबांना घेऊन मी भाऊबिजेला गेलो, तेव्हा तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "अरे, याची एक कळ निघालेली नाही की पडद्यावर ओरखडा नाही. भंगारात का टाकायचा?"

टाकायचा नाही, हे माझं ठाम मत आहे. चालतं मशीन फेकणं हा पैशांचा अपव्यय आहेच, शिवाय ई-कचऱ्याचा ढीग आपल्याच गावाच्या वेशीवर साचतो. लिनक्स हा त्यावरचा खरा, हाताशी असलेला पर्याय आहे. अडचण येते ती नावांच्या गर्दीत.

लिनस टोरवाल्ड्स याने हेलसिंकीत विद्यार्थी असताना १९९१ मध्ये जे लिहायला घेतलं, ते नेमकं म्हणायचं तर फक्त कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. त्या गाभ्याभोवती ग्नू प्रकल्पाची साधनं, डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस आणि इन्स्टॉलर जोडून जो पूर्ण संच तयार होतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. असे संच शेकडो आहेत. नवा माणूस ती यादी बघूनच दमतो. पण फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी ही रोजची साधनं जवळपास सगळीकडे तीच. फरक पडतो तो तीन ठिकाणी: डिस्ट्रो किती वेळा बदलतो, पडद्यावरची मांडणी कशी आहे, आणि वायफाय, ग्राफिक्स, प्रिंटर ही मंडळी विनातक्रार चालू होतात का. मी पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन देतो. नवशिक्याला नवीनतम काही नको असतं. आज शिकलेली गोष्ट पुढच्या दिवाळीलाही त्याच जागी सापडावी, एवढंच हवं असतं.

त्या रात्री फराळाची ताटं उचलल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावरच आम्ही बसलो. माझ्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय होतं. ते एकदा टाकलं की निरनिराळ्या डिस्ट्रोंच्या आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या आणि मशीन सुरू करताना हवी ती निवडायची. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते. याला लाइव्ह सेशन म्हणतात, आणि कोणताही निर्णय याआधी घेऊ नये.

आधी उबुंटू लावलं. डावीकडे उभी पट्टी, वर काळी रेघ. आत्याने माउस खाली डाव्या कोपऱ्यात नेला. तिथे सगळ्या ॲपची जाळी उघडणारं चिन्ह होतं, तिच्या सवयीचा मेनू नव्हता. ती थांबली. "माझं स्टार्ट कुठे गेलं?" मग झोरिन. "हे छान दिसतंय," म्हणाली, पण चार जीबीवर ते जरा जड चाललं. मग लिनक्स मिंट, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. माउस पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला, मेनू उघडला, तिने काही न विचारता ऑफिस शोधलं आणि हिशेबाचं पान सुरू केलं. निवड मी केलीच नाही, तिच्या हाताने केली.

मिंटचं हे यश योगायोगाचं नाही. क्लेमाँ लफेव्र या फ्रेंच माणसाने २००६ मध्ये तो सुरू केला. २०११ मध्ये ग्नोम ३ हा डेस्कटॉप आला आणि अनेक डिस्ट्रोंच्या डेस्कटॉपची मांडणीच बदलली. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू ही सवयीची रचना ज्यांना सोडायची नव्हती, त्यांच्यासाठी मिंटने सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप उभा केला. जुन्या सवयीचा मान राखायचा, हे त्यांचं धोरण आजही दिसतं. मुख्य मिंट उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेला असतो. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ड्रायव्हर मॅनेजर एनव्हिडियासारखे ड्रायव्हर शोधून देतो. टाइमशिफ्ट तर माझ्या मते नवशिक्याचा खरा आधार: अपडेटच्या आधी प्रणालीची एक प्रत ठेवायची, बिघडलं तर मागे जायचं. आपल्या फाइलींचा बॅकअप मात्र त्यात धरू नये, तो वेगळाच ठेवावा. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्यावा, चार असेल तर एक्सएफसीई. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. आत्याच्या मशीनला खरा वेग त्यानेच आला.

उबुंटूकडे पाठ फिरवा असं मात्र मी म्हणणार नाही. मार्क शटलवर्थच्या कॅनॉनिकल कंपनीने २००४ मध्ये तो आणला, आणि पुढे कित्येक वर्षं मागणी करणाऱ्याला त्याची सीडी फुकट घरपोच मिळत असे. माझ्या वयाच्या अनेकांचं पहिलं लिनक्स त्या पाकिटातूनच आलं. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये त्याची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती येते, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. अडलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलात तर ते बहुधा उबुंटूच्याच नावाने सापडतं. नवी मांडणी शिकायला तयार असलेल्या विद्यार्थ्याने, प्रोग्रामरने तो खुशाल घ्यावा. नव्या लॅपटॉपवर तो देखणा चालतो.

झोरिन आयर्लंडचा, दोन भावांनी उभा केलेला. त्याची अठरावी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ लाच आली. विंडोजसारखी मांडणी एका क्लिकवर मिळते. सशुल्क प्रो आवृत्ती आहे, पण घरच्या कामाला फुकटची कोअर पुरते. फेडोरा उत्तम आहे, पण त्याची आवृत्ती सहा महिन्यांनी येते आणि साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते. पहिल्या वर्षी ही धावपळ नको. दोन जीबीच्या मशीनवर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स बघावा. कॉलेजची मुलं हौसेने कॅली घेतात, त्यांना मी कळकळीने थांबवतो. तो सुरक्षा तपासणाऱ्यांचा हत्यारांचा डबा आहे, रोजच्या वापराचं घर नव्हे. आर्चही शिकण्यासाठी सुंदर, पण दुसऱ्या वर्षी.

आपल्याकडे सी-डॅकचा बॉस लिनक्सही आहे, डेबियनवर बेतलेला, भारतीय भाषांची सोय असलेला. केरळने तर सरकारी शाळांमध्ये लिनक्सच आणलं. तिथल्या काइट संस्थेने शाळांसाठी उबुंटूवर बेतलेला संच तयार केला आहे. तिथली मुलं कॉम्प्युटर शिकली तीच लिनक्सवर. आपण एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज शिकलो, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. अवघडपणाचा मोठा भाग या सवयीत असतो.

मराठीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. फाँटची अडचण आता राहिलेली नाही. रेड हॅटने मुक्त केलेले लोहित फाँट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले होते, तीच श्रीलिपीवाली कंपनी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मिळतो, फोनेटिकही मिळतो. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी हवी असेल तर आयबस आणि एम१७एन बसवावं. आत्या इनस्क्रिप्टवाली. तिने पहिली परीक्षा घेतली ती 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोडीची. शिफ्ट धरून जे दाबलं, मग डी, मग य, आणि 'ऱ्य' अगदी चोख उमटला. तिने मान डोलावली. शिक्षिकेच्या हिशेबात मशीन पास झालं.

पण जुन्या फाइलींनी त्रास दिला. भजनांची अर्धी वही युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती, आणि ती नव्या प्रणालीवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा खच दिसायला लागली. सगळ्यांना माझं सांगणं: कृतिदेव, श्रीलिपी, एपीएस अशा फाँटमधला मजकूर विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरी अडचण आली ती गटाच्या ऑफिसातल्या जुन्या लेझर प्रिंटरची. त्याच्या ड्रायव्हरने माझ्या दोन संध्याकाळी घेतल्या, तरी तो चालला नाही. आता त्या पानांची पीडीएफ करून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढतात. म्हणून प्रिंटर लाइव्ह सेशनमध्येच जोडून बघावा.

आणि काही जणांनी विंडोज सोडूच नये, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. टॅलीवर रोजचा व्यापार असेल, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर पोट असेल, डिजिटल सहीच्या टोकनने दररोज रिटर्न भरायचे असतील, तर लिनक्सच्या भरवशावर धंदा टांगणीला लावू नका. तिथे दोन्ही शेजारी ठेवण्याचा मार्ग आहे, म्हणजे ड्युअल बूट. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्सला ती डिस्क नीट लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची. फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच, आणि ती उघडून बघितलेली हवी. इन्स्टॉल करताना 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय समोर येतो. तिथे बोट थांबवून दोनदा वाचायचं.

आणखी एक गोष्ट मी डिस्ट्रो निवडताना हल्ली आधी विचारतो: तुमच्या ओळखीत कोण काय वापरतं? शेजारच्या पोराकडे उबुंटू असेल आणि तो संध्याकाळी येऊन बसणार असेल, तर तुमच्यासाठी उबुंटूच चांगलं. पहिल्या महिन्यात शेजारी बसणारं माणूस मिळणं हे मांडणीपेक्षाही मोलाचं आहे. आत्याला मी फोनवर होतो. पहिल्या आठवड्यात रोज फोन यायचा: पेनड्राइव्ह काढायच्या आधी काय दाबायचं, हिशेबाची फाइल लेकीच्या एक्सेलमध्ये उघडेल ना, कॅमेरा उलटा का दिसतो. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने.

परवा बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. "अरे, खाली अपडेटच्या त्या ढालीवर ठिपका आलाय. टाइमशिफ्टची प्रत घेऊन झाली. आता अपडेट दाबतेय. तुला नुसतं सांगायला केला फोन."