वकिली न केलेला वकील : हेन्री आयर्टनचं घराणं

सतराव्या शतकात इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं. पार्लमेंटच्या बाजूचे अधिकारी कोणत्या घरांतून आले हे पाहायला लागलो की एक नोंद पुन्हा पुन्हा भेटते. अमुक साली मिडल टेंपल, तमुक साली लिंकन्स इन. या लंडनमधल्या कायदा शिकवणाऱ्या जुन्या संस्था. आणि मग आपण झटकन म्हणून मोकळे होतो, की हा वकील होता, युद्ध आलं, तलवार घेतली. आज हेन्री आयर्टनच्या घराण्याकडे बघताना हा समज जरा बाजूला ठेवू या.

हेन्रीचा जन्म १६११ चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या ॲटनबरो गावातला. वडिलांचं नाव जर्मन आयर्टन (नुसतं नाव आहे बरं का, जर्मनीशी संबंध नाही). बाळगून असलेलं जमीनदार घर, हेन्री थोरला मुलगा. १६२४ मध्ये वडील वारले. १६२६ ला तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, १६२९ ला पदवी घेतली आणि त्याच वर्षी मिडल टेंपलमध्ये दाखल झाला. सनद मात्र त्याने कधीच घेतली नाही.

मग गेला कशाला? आपल्या डोळ्यांसमोर बॅरिस्टर म्हटलं की ग्रेज इनमधून सनद मिळवलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर येतात. तिथे जायचं ते सनदेसाठीच, असं आपल्याला वाटतं. पण आयर्टनच्या काळी जमीनदाराचा थोरला मुलगा तिथे जायचा तो घरची जमीन सांभाळायला शिकण्यासाठी. गहाणखत, वारसा, मृत्युपत्र, कुळांशी करार, शेजाऱ्याशी बांधावरून तंटा, हे सगळं त्याला स्वतःला कळायला हवं. जमीन बहुधा थोरल्याकडेच जायची, त्यामुळे पोटापाण्याचा उद्योग शोधायचा तो धाकट्यांनी. हेन्रीचा धाकटा भाऊ जॉन लंडनमध्ये व्यापारात पडला आणि १६५८ मध्ये त्या शहराचा लॉर्ड मेयर झाला. तेव्हा एखाद्या घराण्याचा इतिहास लिहिताना प्रवेशाची नोंद आणि सनदेची नोंद वेगवेगळी तपासायची. नुसत्या पहिलीवरून माणसाला वकील ठरवायचं नाही.

पण शिकलेलं वाया जात नाही. आयर्टन १६४२ मध्ये घोडदळात शिरला, १६४५ च्या नेझबीच्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला, आणि त्याच गोंधळात सुटलाही. त्याची खरी लढाई आपल्याला दिसते ती १६४७ च्या ऑक्टोबरात, लंडनजवळच्या पटनीच्या चर्चमध्ये. सैन्यातच वाद पेटला होता : मत कोणाला द्यायचं? कर्नल टॉमस रेन्सबरो म्हणत होता की गरिबातल्या गरिबालाही ज्या सरकारखाली राहायचं त्याला संमती देण्याचा हक्क हवा. तेव्हा परगण्यात मत होतं ते वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्याला. आयर्टनने ती अट सोडली नाही. त्याचा मुद्दा असा : माणूस इथे जन्मला एवढ्यावर, निसर्गाच्या न्यायाने, मत द्यायचं असेल, तर त्याच न्यायाने कोणी माझ्या शेतावरही हक्क सांगेल. मग मालमत्ता टिकणार कशी? ऐका नीट, हा सेनापती बोलत नाहीये. बांधावरचा तंटा जाणणारा थोरला मुलगा बोलतोय. आम्हाला रेन्सबरोचं पटतं. पण प्रतिपक्षाच्या सूत्रातून पुढे काय काय निघतं हे दाखवण्यात आयर्टन फार तरबेज होता, हेही कबूल करायला हवं.

हा वाद आपल्यापर्यंत पोचला तो विल्यम क्लार्कमुळे. त्याने लघुलिपीतल्या टिपणांवरून प्रत करवली, ती ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात पडून राहिली आणि १८९१ मध्ये फर्थ यांनी छापली. शब्दांकनाचं महत्त्व या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको!

आता घराकडे. १६४६ च्या जूनमध्ये, ऑक्सफर्डला वेढा चालू असतानाच, आयर्टनचं लग्न क्रॉमवेलची थोरली मुलगी ब्रिजेट हिच्याशी झालं. १६४९ मध्ये राजाच्या मृत्युदंडाच्या हुकमावर त्याने सही केली. पुढे आयर्लंडमध्ये त्याने लिमेरिकला वेढा घातला. उपासमारीने आणि साथीने त्या शहरात हजारो माणसं मेली, आणि शहर पडल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १६५१ मध्ये, तोही तापाने गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत थाटाने दफन झालं. राजेशाही परतल्यावर ३० जानेवारी १६६१ रोजी, राजाच्या शिरच्छेदाला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी, त्याचं, क्रॉमवेलचं आणि ब्रॅडशॉचं प्रेत उकरून टायबर्नला फासावर लटकवलं. भाऊ जॉनलाही तुरुंगवास घडला.

ब्रिजेटने मात्र १६५२ मध्येच दुसरं लग्न केलं होतं, चार्ल्स फ्लीटवुडशी. तोही पार्लमेंटचा अधिकारी, आणि त्याच्याही नावापुढे एक नोंद आहे : १६३८, ग्रेज इन.