पॉलिमर क्लेचे मणी

पॉलिमर क्लेमध्ये सहसा खनिज माती नसते. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर, रंगद्रव्ये आणि थोडा भराव यांचे ते मिश्रण असते. उघड्यावर ठेवले तरी ते मातीसारखे वाळत नाही. ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता मिळाली की पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकजीव होतात. यात पाणी उडून जायचे नसते, त्यामुळे मणी भाजताना जवळजवळ आकसत नाही. मातीच्या मण्याला भट्टी लागते. इथे घरातला ओटीजी पुरतो. हौशी हातांना हे माध्यम जवळचे वाटते ते यामुळेच.

त्याचा जन्म मात्र दागिन्यांसाठी झाला नव्हता. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांची कन्या फिफी रेबिंडर यांनी बाहुल्यांच्या डोक्यांसाठी असे मिश्रण वापरले. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते विकत घेतले आणि पुढे 'फिमो' या नावाने बाजारात आणले. अमेरिकेतली 'स्कल्पी' ही अशीच क्ले त्याच दशकातली. पुढे पियर व्होल्कोससारख्या अमेरिकी कलावंतांनी व्हेनिसच्या मिलेफिओरी काचकामाची रीत या क्लेत उतरवली, आणि खेळण्याच्या सामानाला दागिन्यांच्या कलेत जागा मिळाली.

कामाची सुरुवात मळण्याने होते. क्ले हाताच्या उबेने मऊ करतात किंवा पास्ता मशीनमधून पुन्हापुन्हा काढतात. हा कंटाळवाणा भाग टाळला तर पुढे लाटताना कडांना चिरा पडतात. दोन रंगांचे त्रिकोण जोडून, दर वेळी एकाच दिशेने घडी घालून मशीनमधून काढत राहिले, की एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद जाणारी पट्टी मिळते. जुडिथ स्किनर यांच्यावरून तिला 'स्किनर ब्लेंड' म्हणतात.

कलेचा गाभा म्हणजे केन, मिलेफिओरीतून आलेली तीच रीत. निरनिराळ्या रंगांच्या वळ्या आणि पट्ट्या रचून एक जाड दंडगोल करतात. त्याच्या छेदात फूल, पान किंवा चक्र दिसते. बाकरवडीची सुरळी कुठेही कापली तरी तेच वेटोळे दिसते, तसेच इथे. दंडगोल मधून दाबत, लाटत बारीक केला तरी चित्र टिकते, फक्त लहान होते. घनफळ तेवढेच राहत असल्याने ५ सेंमी व्यासाची केन १ सेंमीवर आणली की तिची लांबी पंचवीसपट होते. नखाएवढ्या मण्यावरची रेखीव पाकळी ब्रशने काढलेली नसते, ती अशी आक्रसत आलेली असते. मात्र सर्व रंगांचा मऊपणा सारखा हवा, नाहीतर मऊ रंग पुढे सरकतो आणि चित्र विस्कटते. टोकांचा भाग बिघडतोच, तो वेगळा काढून मण्यांच्या गाभ्यासाठी वापरतात.

केन थंड होऊन घट्ट झाली की धारदार पात्याने पातळ काप काढतात. साध्या क्लेच्या गोळीवर ते चिकटवून गोळी तळव्यात फिरवली की सांधे नाहीसे होतात. भोक सुईने पाडतात, दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे, म्हणजे एका बाजूला कडा फाटत नाही.

भाजताना मणी तारेत ओवून अधांतरी ठेवतात किंवा घड्या घातलेल्या कागदावर ठेवतात, म्हणजे तळ सपाट होत नाही. तापमान आणि वेळ पाकिटावर दिल्याप्रमाणेच पाळायची. ओव्हनच्या खुंटीवरचा आकडा पुष्कळदा फसवा असतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर हवा. उष्णता कमी पडली तर मणी ठिसूळ राहतो. फार वाढली तर क्ले करपून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. मायक्रोवेव्ह या कामाला चालत नाही.

गार झालेला मणी पाण्याखाली ४०० पासून पुढे चढत्या क्रमांकांच्या पॉलिश पेपरने घासतात. केनच्या कापाला जाडी असल्याने हलक्या घासण्याने नक्षी पुसली जात नाही. रंगवलेल्या मण्याला ही सोय नाही. शेवटी डेनिमच्या कापडाने चोळून चमक आणतात आणि मणी दोऱ्यात किंवा तारेत ओवतात.