सूक्ष्मजीवांची भांडारे : गावच्या मातीचे जागतिक नाते

घरातील विरजण नासले, तर शेजारून चमचाभर विरजण आणले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दही लागते. शेजारधर्माचा हाच व्यवहार आज जगातील विज्ञानसंस्था मोठ्या शिस्तीने करीत आहेत. उपयुक्त सूक्ष्मजीवांचे वाण जिवंत राखावयाचे आणि गरजू संशोधकास अथवा उद्योगास शुद्ध स्वरूपात पुरवावयाचे, हे त्यांचे कार्य होय.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचे अर्थजीवन या अदृश्य जीवांशी निगडित आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळपास प्रारंभ केला आणि पुढे जिल्ह्यात साखर कारखानदारी विस्तारली. साखर काढल्यानंतर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क तयार होतो, तो यीस्ट या सूक्ष्मजीवामुळे. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम हे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. वाण अशुद्ध झाला, तर मद्यार्काचा उतारा घटतो आणि जिवाणू खताचा खर्च वाया जातो.

जतनाची रीत

सूक्ष्मजीव वारंवार नव्या पोषकद्रव्यावर वाढवीत राहिल्यास त्यांचे गुणधर्म पालटण्याचा किंवा त्यांत भेसळ होण्याचा धोका असतो. म्हणून ते गोठवून, निर्वातात सुकवून काचेच्या बंद कुप्यांत ठेवतात. अथवा उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवितात. अशा स्थितीत ते अनेक वर्षे सुप्त राहतात व पुन्हा वाढू शकतात.

या कार्यात महाराष्ट्र अग्रेसर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ मध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह सुरू झाला. पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतर्गत २००९ मध्ये दुसरे भांडार उभे राहिले. ते आता राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखले जाते.

देशोदेशींचे सहकार्य

जिवाणूची नवी जात शास्त्रमान्य होण्यासाठी तिचा मूळ वाण निदान दोन वेगवेगळ्या देशांतील भांडारांत जमा करावा लागतो. युद्ध, आग वा वीजपुरवठ्यातील बिघाड यांमुळे एक भांडार नष्ट झाले, तरी वाण नाहीसा होऊ नये आणि कोणत्याही देशातील संशोधकास पडताळणी करता यावी, हा त्याचा लाभ आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात आढळलेल्या व २०१० मध्ये नामकरण झालेल्या 'इंडिबॅक्टर अल्कालिफिलस' या जिवाणूचा वाणही परदेशी भांडारांत सुरक्षित आहे.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. ब्राझीलमध्ये उसात नत्र स्थिर करणारा ॲसिटोबॅक्टर जिवाणू आढळला व १९८८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आज या जिवाणूचे खत महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांच्या परिचयाचे आहे.

सत्तरहून अधिक देशांतील सातशेहून अधिक भांडारांची नोंद जागतिक माहिती केंद्राकडे आहे. पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याबाबत १९७७ मध्ये बुडापेस्ट करार झाला. भारत २००१ मध्ये त्यात सामील झाला. चंडीगडच्या भांडारास २००२ मध्ये, तर पुण्याच्या नव्या भांडारास २०११ मध्ये या करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. त्यामुळे भारतीय संशोधकांना आपले वाण या कामी परदेशी पाठविण्याची गरज उरली नाही.

ग्रामपंचायतीची जबाबदारी

सहकार्याबरोबर हक्काचा प्रश्नही उभा राहतो. एखाद्या गावच्या मातीतील जिवाणूपासून मौल्यवान औषध निघाले, तर त्यात गावाचा वाटा कोणता? जैवविविधता अधिनियम, २००२ ने या प्रश्नाची दखल घेतली आहे. परदेशी व्यक्तीस वा संस्थेस येथील जैविक संसाधन मिळविण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची संमती आवश्यक असते आणि प्राधिकरणाने संबंधित स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीशी विचारविनिमय करावयाचा असतो. लाभाच्या न्याय्य वाटपाचे हेच तत्त्व २०१४ मध्ये अंमलात आलेल्या नागोया करारानेही स्वीकारले आहे.

मात्र समिती केवळ कागदावर राहिली, तर हा अधिकारही कागदावरच राहील. समितीच्या बैठका नियमित व्हाव्यात आणि लोक-जैवविविधता नोंदवहीत गावचे झरे, पाणथळ जागा, देवराया व पारंपरिक आंबवण्याच्या रीती यांची नोंद व्हावी. शाळेतील शिक्षकांना या कामी विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. डोळ्यांना न दिसणारी ही संपत्ती गावाने ओळखली, तरच ती जगाला देताना गावाचा हक्कही अबाधित राहील.