संकेतस्थळांतील अधिकार-तपासणीची उणीव आणि तिचा बंदोबस्त

हैदराबादेतील काचीगुडा रेल्वे स्थानकाची वास्तू १९१६ साली उभी राहिली. निजामाच्या रेल्वेचे मुख्यालयही पुढे तेथेच होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग असल्यामुळे शिक्षण, नोकरी व वकिलीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे काचीगुडा, सुलतान बाजार व जांबाग या परिसरात स्थायिक झाली आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या विवेक वर्धिनीसारख्या शिक्षणसंस्था नावारूपाला आल्या. मराठी माणूस जेथे जातो तेथे मंडळ, वाचनालय व वधूवर सूचक केंद्र काढतोच. या संस्थांच्या सभासद-नोंदवह्या पूर्वी लोखंडी कपाटात असत. आज त्यांतील पुष्कळशा संकेतस्थळांवर गेल्या आहेत. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असे. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ते कित्येकदा चिटणीसांनाही ठाऊक नसते.

लहान संस्थांची संकेतस्थळे बहुधा वर्डप्रेस या विनामूल्य प्रणालीवर उभारलेली असतात. ही प्रणाली २००३ साली सुरू झाली व जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज तिच्यावर चालतात. देणगी स्वीकारणे, अर्ज भरून घेणे, छायाचित्रे मांडणे अशा कामांसाठी तिला तयार पुरवण्या जोडता येतात. त्यांना प्लगइन म्हणतात. अशा हजारो पुरवण्या उपलब्ध असून त्या निरनिराळ्या व्यक्तींनी व कंपन्यांनी लिहिलेल्या आहेत. मूळ प्रणाली कितीही भक्कम असली, तरी पुरवणीच्या कर्त्याने एक ओळ लिहिण्याचे विसरल्यास सारे घर उघडे पडू शकते. अनेकदा विसरली जाणारी अशी ओळ म्हणजे अधिकार-तपासणी होय.

येथे दोन प्रश्नांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘आपण कोण?’ हा पहिला प्रश्न आणि ‘आपणांस हे करण्याचा अधिकार आहे काय?’ हा दुसरा. फलाट तिकीट घेतलेला गृहस्थ स्थानकात रीतसरच आलेला असतो. म्हणून त्याला सिग्नलच्या केबिनमध्ये जाऊन खटके ओढता येत नाहीत. सदोष पुरवणी पहिला प्रश्न विचारून थांबते, तर कधी तोही विचारत नाही. व्यवस्थापकाला दिसणारे बटन इतरांना दिसत नाही, एवढ्यावरच तिची भिस्त असते. परंतु त्या बटनामागील आज्ञेचा पत्ता ज्याला ठाऊक आहे, त्याला बटनाची गरजच नसते. तो आज्ञा थेट पाठवतो आणि पुरवणी ती निमूटपणे पाळते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये याचा ठळक प्रत्यय आला. युरोपातील खासगी माहितीच्या संरक्षणविषयक कायद्याचे पालन सुलभ व्हावे म्हणून एक लाखाहून अधिक संकेतस्थळांनी ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स’ ही पुरवणी बसविली होती. संरक्षणासाठी आणलेल्या या पुरवणीतच अधिकार-तपासणी नव्हती. हल्लेखोरांनी बाहेरूनच दोन नोंदी बदलल्या : कोणालाही सभासद होता यावे, आणि नव्या सभासदाला आपोआप व्यवस्थापकाचा दर्जा मिळावा. पुढचे काम नाव नोंदवण्यापुरतेच उरले. सुधारित आवृत्ती १.४.३ त्याच महिन्यात निघाली. परंतु ज्यांनी ती बसविली नाही त्यांना तिचा उपयोग काय?

एप्रिल २०२२ मधील ‘एलिमेंटर’ या पुरवणीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ती पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होती. तिच्या ३.६.० ते ३.६.२ या आवृत्त्यांत ‘नॉन्स’ नावाची खूण तपासली जाई, अधिकार मात्र तपासला जात नसे. नॉन्स म्हणजे अर्जावरील खिडकीचा शिक्का. अर्ज आपल्याच खिडकीवरून आला एवढेच त्यावरून कळते; अर्जदाराची पात्रता कळत नाही. परिणामी अगदी साधा सभासददेखील संकेतस्थळावर आपली आज्ञावली चढवू शकत होता. ३.६.३ या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला.

पुरवण्या लिहिणाऱ्या तरुणांची आणखी एक गल्लत होते. वर्डप्रेसमधील ‘इज ॲडमिन’ ही आज्ञा नावावरून फसवी आहे. मागणी व्यवस्थापन विभागातील पानासाठी आहे काय, एवढेच ती सांगते. मागणी करणारा व्यवस्थापक आहे काय, हे सांगत नाही. त्यासाठी ‘करंट यूजर कॅन’ ही आज्ञा असून माहिती बदलणाऱ्या, पुसणाऱ्या वा बाहेर काढून देणाऱ्या प्रत्येक कृतीच्या आरंभी ती असली पाहिजे. शिवाय सभासद मागत असलेली नोंद त्याची स्वतःचीच आहे काय, हेही पडताळले पाहिजे. वधूवर केंद्राच्या यादीत जन्मतारीख, वेतन व दूरध्वनी क्रमांक असतात. अर्जाचा क्रमांक एकाने वाढवताच शेजारच्या मुलीची माहिती पडद्यावर येत असेल, तर त्या कुटुंबाने संस्थेवर ठेवलेला विश्वास वाया गेला असे म्हणावे लागेल.

आज्ञावली वाचता न येणाऱ्या पदाधिकाऱ्यांनाही पुष्कळ करता येते. पुरवण्या मोजक्या ठेवाव्यात, त्यांचे स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू करावे (ही सोय वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० पासून आहे) आणि कर्त्याने दीर्घकाळ न सुधारलेली पुरवणी बदलावी. नको असलेली पुरवणी नुसती बंद न ठेवता काढून टाकावी. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या सुमारे सात लाख संकेतस्थळांवरील पुरवणीत सापडलेला दोष अशा फाइलीत होता, जी बाहेरून थेट चालविता येत असे. तेथे पुरवणी बंद ठेवून भागण्यासारखे नव्हते. सर्वांसाठी खुली सभासद-नोंदणी आवश्यक नसल्यास बंद करावी, व्यवस्थापकांची यादी दरमहा पाहावी आणि संपूर्ण माहितीची प्रत अन्यत्र जपावी. साध्या सभासदाचे एक चाचणी-खाते उघडून त्यातून इतरांच्या नोंदी दिसतात काय, हे जाणकाराकडून तपासून घेणे सर्वांत उत्तम.

व्यवस्थापकांच्या यादीत अनोळखी नाव आढळल्यास ते केवळ पुसून भागत नाही. सर्व परवलीचे शब्द बदलावेत, पुरवण्या नव्याने बसवाव्यात व नोंदींचा तपशील जपून ठेवावा. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार त्यांच्या कक्षेतील संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाची असते. तसेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इनचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-४९४९ असा असून, आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.