पावसाळ्यात पेटी रिकामी का होते? सातेरी मधमाशीची गोष्ट

पेटी आणली, दोन-तीन महिने छान चाललं, आणि भर पावसाळ्यात एक दिवस झाकण उघडून पाहिलं तर आत एकही माशी नाही. मधमाश्या पाळून पाहिलेल्या शेतकऱ्यांशी बोललं की ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. मग ‘आपल्याकडे हा धंदा जमत नाही’ असं म्हणून पेटी माळ्यावर जाते आणि तिच्यात खिळे-हातोडी ठेवली जाते. आम्हाला वाटतं, यात माशीचा दोष कमी आहे. आपण तिचं वर्षच समजून घेतलेलं नसतं.

मधमाशीपालनाची बरीच माहिती आपल्याकडे थंड देशांतून आली. तिथं माशीचा वाईट काळ म्हणजे हिवाळा. बाहेर बर्फ, फुलं नाहीत, उडून जायला जागा नाही. म्हणून तिथली माशी उन्हाळाभर भरपूर मध साठवते आणि हिवाळा त्यावर काढते. आपल्याकडे हिवाळा हा उलट फुलांचा आणि कामाचा काळ. आपल्या माशीचा उपासमारीचा काळ पावसाळा. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस पडतो, माशीला बाहेर पडता येत नाही, पडली तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. आणि उष्ण प्रदेशातल्या माशीनं यावर वेगळा तोडगा काढला आहे: घरात अन्न नाही, तर घर सोडायचं. राणी, कामकरी, सगळं लटांबर निघून जातं. याला पळून जाणं म्हणायचं की स्थलांतर, हे आपण पेटीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत त्यावर ठरतं!

इथं एक घोळ नेहमी होतो. माश्यांचा थवा निघणं आणि घर सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसाहत भरभराटीला आली की जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन नवं घर शोधते, मागं नवी राणी आणि उरलेली वसाहत राहते. हे चांगलं लक्षण. घर सोडण्यात मात्र मागं फक्त रिकामी पोळी उरतात.

आपल्याकडच्या माश्या तरी कोणत्या? सगळ्यात मोठी आग्या. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला एकच भलंमोठं उघडं पोळं लावते. अजिंठ्याच्या कड्यावर ती आहे, गावोगावच्या उंच इमारतींवर आणि मिनारांवरही असते. ती पेटीत राहत नाही, कितीही प्रयत्न करा. दुसरी फुलोरी, अगदी लहान, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं. मार्टिन लिंडाउअर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात श्रीलंकेत येऊन हिचा नाच पाहिला. इतर माश्या फुलांची दिशा सांगणारा नाच उभ्या पोळ्यावर करतात. फुलोरी मात्र पोळ्याच्या वरच्या सपाट गच्चीवर, सूर्याकडे बघत, थेट फुलांच्या दिशेनं नाचते. तिसरी डंख नसलेली, मुंगीएवढी, भिंतीच्या फटीत राहणारी. काही भागांत तिला पोया म्हणतात. आणि चौथी आपली सातेरी, झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक सहा-सात पोळी लावणारी. अंधाऱ्या बंद जागेत राहण्याची सवय असल्यामुळे तीच पेटीत नांदते.

पाचवी पाहुणी आहे, मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशी. भारतात ती 1962 मध्ये नगरोटा बगवान इथं, आजच्या हिमाचल प्रदेशात, यशस्वीपणे रुजली. मोहरी, सूर्यफूल अशा मैलोन्‌मैल शेतांत ती सातेरीच्या कितीतरी पट मध देते, पण पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे फिरावं लागतं. सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध मिळाला तरी चांगलं मानायचं. हा आकडा ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो. पण सातेरीला फिरवावं लागत नाही, डोंगराळ भागातल्या विखुरलेल्या फुलांवर ती भागवते, आणि व्हरोआ नावाचा जो कोळी जगभर मेलिफेराच्या वसाहती संपवतो, त्याच्याशी तिचं जुनं नातं आहे. तो मुळात तिच्याच अंगावरचा. माश्या एकमेकींना साफ करतात आणि कोळी चावून टाकतात. अर्थात सातेरीलाही काही होत नाही असं नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूनं केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या तिच्या बहुतांश पाळीव वसाहती नष्ट केल्या होत्या. पिल्लांच्या पाणी भरलेल्या पिशव्या होतात आणि ती मरतात.

आता पावसाळ्याचं काय करायचं? पहिली गोष्ट मे महिन्यातच करायची असते: शेवटचा मध काढायचा नाही. जांभळाचा मध पाहून हाव सुटते, पेटी पुसून रिकामी केली जाते, आणि जुलैमध्ये आपणच विचारतो की माश्या का गेल्या. दुसरी गोष्ट, सलग पाऊस लागला की साखर आणि पाणी समान घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यायचा. बाहेर सांडला तर मुंग्या आणि शेजारच्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. तिसरी, माश्या कमी झाल्या की रिकामी पोळी काढून घ्यायची, कारण मेणकिडा त्यांतच अंडी घालतो. जाळी धरलेलं पोळं दिसलं तर ते पेटीजवळ टाकू नका, जाळून टाका. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. आणि पेटी सातेरीच्या मापाची असावी. फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात 1910 च्या सुमारास छोटी पेटी बनवली ती याचसाठी, मोठ्या पेटीत सातेरीला ऊब राखता येत नाही.

एवढा खटाटोप पाच किलो मधासाठी? हाच प्रश्न आम्हाला चुकीचा वाटतो.

कांदा घ्या. खाण्याच्या कांद्याला माशी लागत नाही, पण बियाण्याच्या कांद्याला लागते. गोंड्यातल्या एकेका फुलात पराग आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणजे त्या फुलाचं त्याच्याच परागानं भागत नाही. कोणीतरी एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेले पाहिजेत. माशी नसेल तर गोंडा पांढराशुभ्र फुलतो आणि आत दाणा भरतच नाही. त्यात कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही, शेजारी मोहरी फुललेली असेल तर ती तिकडे जाते. म्हणून जाणकार सांगतात की थोडी फुलं उमलल्यावरच पेट्या शेतात आणाव्यात, आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलांची वाट धरतात. काकडी, भोपळा, कारलं यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलावर पुरेसे पराग पडले नाहीत तर काकडी एका बाजूनं भरते आणि वाकडी होते. बाजारात ती वाकडी काकडी निम्म्या भावात जाते, आणि आपण दोष खताला देतो. करटोलीचे तर नर-मादी वेलच वेगळे, त्यामुळे काही शेतकरी पहाटे उठून हातानं परागीभवन करतात. त्या मजुरीचा हिशोब करून पाहा, मग माशीचं मोल कळेल.

सगळंच श्रेय मधमाशीला देणंही बरोबर नाही. आंब्याच्या मोहरावर तुम्ही पाहिलं असेल, माश्या, म्हणजे साध्या घरमाशीच्या जातीतल्या, जास्त असतात, पोयाही असते. पण जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना कीटक किंवा इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक फायदा होतो, आणि त्यात मधमाश्यांचा वाटा मोठा आहे.

मग फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी दहा वाजता फवारणी का होते? तीच माश्यांची कामाची वेळ असते. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं तर झाडाच्या अंगात शिरून परागापर्यंत पोचतात. युरोपियन युनियननं 2018 मध्ये उघड्या शेतात त्याच्या वापरावर बंदी घातली, आपल्याकडे ते दुकानात सहज मिळतं. निदान फवारणी सूर्यास्तानंतर करावी आणि फुलोऱ्यात टाळावी. पेटीवाला शेजारी असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगावं, म्हणजे तो पेटीचं दार बंद ठेवील.

आग्या मोहोळाचंही तेच. रात्री मशाल लावून पोळं जाळलं की मधासोबत अंडी, पिल्लं, सगळं जातं. पिल्लांचा भाग तसाच ठेवून फक्त मधाचा भाग कापता येतो, आणि तसं करणारे मध गोळा करणारे आहेत. इमारतीवर पोळं बसलं तर लगेच औषध मारणाऱ्यांना बोलावू नका. आग्या हंगामी पाहुणी आहे, फुलोरा संपला की स्वतःच निघून जाते. तोवर तिथं फटाके, धूर आणि मुलांचे दगड नकोत. हल्ला झालाच तर चेहरा झाकून धावत बंद खोलीत जावं.

आपल्या घरांत शहदला शिफा मानतात, कुरआनातल्या सोळाव्या सूरहचं नावच अन-नहल, मधमाशी, आहे. त्यामुळे रमजानमध्ये शहदची बाटली घरात येतेच. ती घेताना पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं या घरगुती कसोट्यांवर भरवसा ठेवू नका. साखरेचे पाक आता असे बनतात की साध्या प्रयोगशाळांनाही ते सापडत नाहीत. सीएसई या दिल्लीच्या संस्थेनं डिसेंबर 2020 मध्ये 13 ब्रँड तपासले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त 3 पास झाले होते. उलट, मध गोठला म्हणून तो खोटा ठरत नाही. खरा मधही गोठतो. आपल्या दमट हवेतल्या मधात पाणी जास्त असतं, पोळ्यावर मेणाची टोपी चढण्याआधी काढला तर तो फसफसतो. आपल्या कारवीच्या मधातली साखर इतकी वेगळी असते की सरकारी मानकांतही त्याची मर्यादा वेगळी दिलेली आहे. आणि एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रेमानं सांगायला हवी: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. कितीही शुद्ध मधात बोट्युलिझमचे जिवाणू असू शकतात आणि ते बाळाच्या जिवावर बेततं. तहनीकसाठी खजूर आहेच. तीही अगदी मऊ करून, किंचितच.

ज्यांना हे काम शिकायचं आहे त्यांच्यासाठी महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं आणि मधकेंद्र योजनेत पेट्यांवर 50 टक्के अनुदान असतं. त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सुरुवात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास करा, म्हणजे माश्यांना वाढायला फुलांचे पुढचे महिने मिळतात. एकच पेटी घेऊ नका, दोन घ्या. एकीतली राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची एक चौकट तिच्यात ठेवायची. कामकरी माश्या त्यातूनच नवी राणी वाढवतात.